कॉइलवरचा लाल ठिपका

हे माझ्या तोंडातनं आजवर बाहेर पडलेलं नाही. मुलाला सांगितलं नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहून मनातल्या मनातसुद्धा धड म्हणलो नाही. तिथंही अर्ध्यावर थांबायचो, घंटा वाजवायचो आणि निघून यायचो. ज्या एका माणसाला हे माहीत होतं, ते माणूस गेलं. मग आता कुणाला भ्यायचं? म्हणून लिहायला बसलोय. चौथी शिकलेल्याचं अक्षर तसंही कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं, त्यात हे.

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट आधी सांगतो. साधी म्हणजे — करताना माणसाला वाटतच नाही की आपण काही करतोय.

संध्याकाळ होती. हडपसरच्या आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. दुकानात गाड्यांच्या एसीची कामं, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मोरीपाशी मोठा निळा टब. शालन, माझी बायको, पाटावर बसलेली, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पाण्यात. पाण्याखाली तिनं कॉइल धरलेली, मी नळीनं त्यात हवा सोडतोय. ती म्हणायची "सोडा", मी सोडायचो. ती म्हणायची "बास", मी बंद करायचो. मधेच आत कुकरची शिट्टी झाली.

"तिसरी का चौथी हो?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? कुकर तुझा."

हसली. हात पाण्यातच.

एवढंच. त्यानंतर ती काहीतरी बोलली, मी काहीतरी बोललो. ते पुढं येईल, सरळ सांगता येत नाही म्हणून फिरून येतोय. पण त्या शिट्टीनंतर आमच्या घरात साधं म्हणावं असं काही राहिलं नाही. बरीच वर्षं एकत्र राहिलो. स्वयंपाक झाले, सण झाले, मुलाचं लग्न झालं. साधं काही झालं नाही.

कॉइल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या पोटात ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, विटेपेक्षा थोडा मोठा, बारीक बारीक पात्यांचा. आम्ही त्याला कूलिंग कॉइल म्हणतो. त्यातनं गार गॅस फिरतो, पंखा त्यावरनं हवा मारतो, आणि तुम्ही मागं बसून म्हणता, वा, काय गार वाटतंय. ती कॉइल गळायला लागली की आमच्याकडं येते. गळती शोधायची रीत साधी. एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यातनं हवा भरायची, पाण्यात बुडवायची. बुडबुडा आला तिथं भोक.

बोलायला सोपं. पात्यांमधे हवा अडकून बसलेली असते, तीही बुडबुडे होऊन वर येते. खरा बुडबुडा कुठला आणि फसवा कुठला? मी कितीदा फसलो. शालन फसत नव्हती. लग्न करून आली तेव्हापासनं टबापाशी तीच बसायची.

तिची एक रीत होती. भोक सापडलं की ती जागा पदरानं कोरडी करायची, फुंकर मारायची, आणि नेलपेंटचा लाल ठिपका द्यायची. खडू पाण्यात जातो, पेनाची शाई ॲल्युमिनियमवर धरत नाही. नेलपेंट बसलं की बसलं. स्वतःच्या नखांना तिनं जन्मात लावलं नाही. दुकानदार म्हणायचा, "काकू, दरवेळी लालच? नवीन शेड आल्यात की." ही म्हणायची, "आमच्या कॉइलला लालच खुलतो."

ठिपका दिसला की मी तिथं वेल्डिंग करायचं आणि परत बुडवायचं. ठिपका असलेली कॉइल दुकानाबाहेर जायची नाही. असं कधी बसून ठरवलं नव्हतं. पण तेच ठरलेलं होतं.

आता देवस्थळी साहेब. कर्वेनगरचे. कारखान्यातनं रिटायर झालेले इंजिनीअर. घरी विमान बनवत होते. हो, विमान. खेळण्यातलं नाही, माणूस बसेल असं. सोसायटीच्या पार्किंगमधे पंख करायला घेतले तर सोसायटीनं पाटी लावली, 'पार्किंग फक्त वाहनांसाठी. विमान हे वाहन आहे असे वाटत असल्यास सभासदाने ते रस्त्याने आणून दाखवावे.' साहेब स्वतःच सांगून हसायचे. मग लोणी काळभोरला एका ओळखीच्या शेतकऱ्याचं पत्र्याचं शेड मिळालं. शेडपुढं लांबलचक सपाट माळ. तिथं ते धूड उभं राहिलं. इंजिन एका छोट्या गाडीचं.

माझ्याकडं आले ते कॉइल मागायला. मी म्हणलं, "साहेब, विमानात एसी कशाला? वर गारच असतंय की."

"एसी नको हो. इंजिनाचं पाणी गार करायचंय."

मग समजावून सांगितलं. गाडीचा रेडिएटर रुंद, भिंतीसारखा. विमानाच्या नाकात मावत नाही, आणि मावला तरी वारा अडवून धरतो. कूलिंग कॉइल लहान, जाड, वजनाला हलकी, आणि गॅसचा दाब सोसायला केलेली म्हणजे घट्ट. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवायची आणि इंजिनाचं गरम पाणी त्यांतनं फिरवायचं. परदेशात हौशी माणसं असं करतात म्हणाले. अडचण एकच. गॅसच्या नळ्या बारीक असतात, करंगळीसारख्या. पाण्याला मोठं तोंड लागतं. म्हणजे मूळच्या नळ्या कापायच्या आणि तिथं अंगठ्यापेक्षा जाड नळ्या जोडायच्या. पातळ ॲल्युमिनियमला जाड ॲल्युमिनियम. आर्गन गॅसचं वेल्डिंग. क्षणभर जास्त थांबलात तर पातळ भाग लोण्यासारखा ओघळतो.

हे काम माझं. या कामात माझ्या तोडीचा माणूस आमच्या भागात नव्हता. लोक म्हणायचे. लोकांच्या आधी मी म्हणायचो.

शालननं चहा देता देता विचारलं, "पुढं एवढा मोठा पंखा फिरतोय, मग इंजिन तापतंय कसं?"

साहेब खूश. फरशीवर खडूनं चित्र काढायला बसले. "वारा लबाड असतो वहिनी. कॉइलीतनं घुसायचं सोडून बाजूनं पळतो. म्हणून त्याला बोगदा करायचा. तोंडाशी लहान, आत पसरत जाणारा. मग वारा सावकाश होतो आणि कॉइलीतनं निघतो."

ही म्हणाली, "म्हणजे नरसाळं उलटं धरायचं."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा मालक! आमच्या कारखान्यात हे पोरांना समजवायला मला आठवडा लागायचा."

त्या दिवसापासनं साहेब बोलायचे माझ्याशी आणि बघायचे तिच्याकडं. वाईट अर्थानं नाही. सरळ माणूस. पण मी काम पुढं ठेवलं की त्यांचा पहिला प्रश्न — "वहिनींनी बघितलं का?" वेल्डिंग मी केलंय. भुवया माझ्या जळल्यात. आणि वहिनींनी बघितलं का? एकदा म्हणाले, "मालक, तुमचा हात चांगलाच आहे. पण वहिनींचा डोळा म्हणजे मीटर." मी हसलो. दात काढून हसलो. आत काय झालं? तुमच्या तोंडावर, तुमच्याच दुकानात, तुमच्याच कामापायी तुमच्या बायकोचं कौतुक झालंय का कधी? झालं असेल तर कळेल. कळलं म्हणून माझं केलेलं काही कमी होत नाही.

कॉइली गेल्या. साहेबांनी बसवल्या. मधे काही दिवस गेले.

त्या दिवशी उडायचं नव्हतंच म्हणे, नुसतं माळावर पळवून बघायचं होतं. पळता पळता उचललं. फार नाही, झाडाच्या उंचीएवढं. आणि उजव्या बाजूच्या कॉइलीची जाड नळी वेल्डिंगपाशी फाटली. इंजिनाची थरथर असते. बारीक भोकाची भेग होते, भेगेचं भगदाड होतं. पाणी सगळं गेलं, इंजिन जाम झालं, आणि ते धूड माळाच्या टोकाला पाण्याच्या चारीत जाऊन आपटलं. साहेबांच्या कमरेचं हाड मोडलं, मांडीचं मोडलं. पोटऱ्यांवर उकळतं पाणी. जीव वाचला. पण परत काठीशिवाय पाऊल टाकलं नाही त्यांनी, आणि विमानाला हात लावला नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी थांबले होते ती झाडाच्या उंचीएवढी झाली आणि संपली.

चार दिवसांनी शेडवाले आप्पा ती फाटकी कॉइल गोणपाटात घेऊन दुकानात आले. रविवार होता. माझा मुलगा संदीप घरीच होता. नोकरी हिंजवडीला, एरवी दिवसाउजेडी दिसायचा नाही. शेजारचा टायरवाला आणि त्याची दोन गिऱ्हाइकं, अशी चार-पाच माणसं जमली. आप्पांनी कॉइल टेबलावर ठेवली.

"हे बघा काय झालंय. सायेब काय बोलत न्हाईत, पर मी इचारतो. टेस कुणी केली हाय हिची?"

शालननं कॉइल उचलली. फिरवली. फाटलेल्या जागेपाशी थांबली. कॉइलीला वरनं काळा रंग मारलेला होता. तिनं नखानं तो रंग खरवडला. नखाच्या टोकाला काय आलं ते तिनं बघितलं. मीही बघितलं. मग तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं.

काय आलं होतं ते सांगतो, शेवटी सांगतो.

आणि मी म्हणलं, सगळ्यांसमोर, आवाज चढवून, "टेस्टिंग हिचं असतं. मी फक्त वेल्डिंग करतो. हिनं पास केली म्हणून दिली."

वाचलंत ना? परत लिहितो. हिनं पास केली म्हणून दिली.

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. टायरवाला तिच्याकडं बघत राहिला. माझा मुलगा आपल्या आईकडं बघत राहिला. तिनं कॉइल गोणपाटावर ठेवली, नख पदराला पुसलं आणि आत गेली. आप्पा जाता जाता मला म्हणाले, "आसूद्या मालक, बाईमाणूस हाय." मी मान हलवली. मान हलवली हो मी! असली मान धडावर राहते कशी?

पुढं साहेब दवाखान्यातनं घरी आले तेव्हा आम्ही कर्वेनगरला भेटायला गेलो. मी टाळत होतो, तिनंच जायचं काढलं. साहेब पलंगावर, पायाला वजनं बांधलेली. तिला बघून उठायला गेले, उठता आलं नाही. म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. डोळाच तो. कधीतरी चुकायचाच."

मी शेजारी खुर्चीवर बसलो होतो. हातात बिस्किटाची बशी. तोंड होतं मला. जीभ होती.

ती म्हणाली, "हो साहेब. चुकलं."

न केलेल्या गुन्ह्याची माफी त्या माणसानं तिला दिली, आणि ती तिनं घेतली. मी बिस्कीट खाल्लं. खरंच खाल्लं. चव आठवते.

येताना स्कूटरवर नेहमीसारखी मागं बसली. लग्नापासनं तिचा एक हात माझ्या खांद्यावर असायचा. खड्डा आला की बोटं रुतायची, त्यावरनं मला कळायचं की जरा हळू घ्यायला पाहिजे. त्या दिवशी हात आला नाही. कर्वेनगर ते हडपसर, खांदा मोकळा. घरी उतरल्यावर बघितलं, स्टेपनीची कडी धरून बसली होती. त्यानंतर कधीच आला नाही तो हात.

अजून आहे. नुसतं तेवढ्यावर भागलं असतं तर मी माणूस म्हणून खपलो असतो.

संदीपनं आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. चांगल्या मनानं नेलं. आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, डोळे ठणठणीत आहेत आईचे. वाचायला थोडा नंबर, बाकी काही नाही. मग दिसलं कसं नाही तिला?"

तिथंसुद्धा जागा होती. मुलगा एकटा, माझ्यासमोर, दार बंद. मी काय म्हणलं? म्हणलं, "लक्ष नसतं रे तिचं हल्ली."

आणि माझा मुलगा आत जाऊन तिला म्हणाला, "आई, लक्ष कुठं असतं गं तुझं? माणूस मेला असता." भाजी चिरत होती. चिरत राहिली. एवढंच म्हणाली, "तुला डब्यात मेथी चालेल का?"

निळा टब तिनं मला देऊन टाकला. म्हणजे तशी बोलली नाही. एक दिवस पाट उचलून आत नेला, त्यावर बसून निवडणं-टिपणं करायला लागली. मी एकटाच बुडवायचो, एकटाच बघायचो, फसायचो, कॉइली परत यायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "काकू बसत नाहीत का आता?" तिला आत ऐकू जायचं. कोण तरी शहाणा म्हणायचाच, "बरंच आहे, त्या विमानाच्या भानगडीनंतर..." नेलपेंटची बाटली खिडकीत तशीच होती, सुकून दगड झालेली. ती तिनं फेकली नाही. मीही नाही.

घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. एखादं भांडं फेकून मारलं असतं, चार माणसांत माझं नाव घेतलं असतं, माहेरी निघून गेली असती. काही नाही. "अहो, जेवायला या." "अहो, गोळी घेतलीत का?" लोक म्हणायचे, काय समंजस बाई. समंजस? मला राग यायचा. तिचा यायचा! मनात म्हणायचो, बोलत का नाहीस? एकदा बोल, की मग मीही बोलतो. आता कळतंय, ती गप्प बसून मला वाचवत नव्हती. वाट बघत होती. मी बोलेन म्हणून. रोज ताट वाढताना, रोज दिवा लावताना, तिचं वाट बघणं चालूच होतं. आणि मी रोज जेवत होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्यात शेजारी बसून होतो. आता सांगू, संदीप आला की सांगू, नर्स गेली की सांगू. एकदा तोंड उघडलंही. ती बघत होती, डोळे लख्ख, त्या डोळ्यांना शेवटपर्यंत काही झालं नाही. मी म्हणलं, "पाणी देऊ का?" ती बघत राहिली. मग मान वळवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला देवस्थळी साहेब आले. काठी टेकत, रिक्षातनं उतरून, पायऱ्या चढून. मला मिठी मारली. मग बसले आणि जमलेल्या लोकांना सांगायला लागले, ती कशी नरसाळ्याचं बोलली, एका वाक्यात कसं सगळं ओळखलं. शेवटी म्हणाले, "एकदाच डोळा चुकला हो त्यांचा. मी कधी मनात धरलं नाही. माझं तेवढं सांगायचं राहिलं त्यांना परत." लोक च्च च्च करत माना हलवत होते. तिच्या फोटोला हार घातलेला, आणि त्या फोटोसमोर तिला परत एकदा माफ केलं गेलं. संदीपनं डोळे पुसले. मी उठलो आणि सगळ्यांना पाणी वाढायला लागलो. मेल्यानंतरसुद्धा मी तिला तिथंच बसवून ठेवलं, त्या खोटेपणाच्या पाटावर.

मग घर रिकामं झालं आणि मला असा संताप आला की मी तो निळा टब उचलून अंगणात आपटला. फुटला नाही. प्लास्टिक. माझ्यासारखाच, आपटला तरी काही होत नाही.

आता ती संध्याकाळ. कुकरची शिट्टी झाली, ती हसली, आणि मग हसता हसता पाण्यात बघून थांबली.

"आलाय बघा. तुमच्या वेल्डिंगच्या कडेला."

मी वाकून बघितलं. सुईच्या टोकाएवढा बुडबुडा सुटला आणि वर आला.

"पात्यांतली हवा आहे," मी म्हणलं.

"अडकलेली हवा एकदा येते अहो. हा परत येतोय. बघा — आला."

"तुला वेल्डिंगमधलं काय कळतंय?"

"वेल्डिंगमधलं नाही कळत. बुडबुड्यातलं कळतंय."

खरं तर हसण्यासारखं उत्तर होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हसलो असतो. पण उद्या सकाळी साहेब ही दुसरी कॉइल न्यायला येणार होते, आणि पहिला प्रश्न विचारणार होते, आणि ही सांगणार होती की मालकांच्या हातनं राहिलं होतं, मी पकडलं. मला ते चित्रच दिसलं. मी म्हणलं, "मीटर ना तू? मग मीटरसारखी गप्प राहा. मीटर बोलत नसतंय." आणि नळी फेकून चौकात निघून गेलो.

परत आलो तेव्हा कॉइल टेबलावर पेपरवर ठेवलेली होती. कोरडी केलेली. वेल्डिंगच्या कडेला लाल ठिपका. मला पहिल्या नजरेत दिसावा म्हणून ती बाजू वर करून ठेवली होती. आम्ही जेवलो. तिला बोलायची गरज काय? ठिपका असलेली कॉइल दुकानाबाहेर जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला आणि मारुतीला गेली. मी दुकानात आलो. आर्गनची टाकी भरलेली होती. वीज होती. साहेब यायला भरपूर वेळ होता. अर्ध्या तासाचं काम होतं. टाळायला एकही कारण मला नव्हतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

मी चिंधी घेतली, थिनरमधे भिजवली आणि ठिपका पुसला. पटकन निघाला नाही. वेल्डिंगच्या खाचेत बसला होता. घासला. चिंधी लाल झाली, बोटं लाल झाली, खाचेच्या तळाशी थोडा राहिला. पुढं तिच्या नखाला आला तो तोच. त्यावर मी काळा रंग फवारला. साहेबांनी काळा रंग सांगितलेलाच होता. पंख्याखाली वाळत ठेवली. चिंधी गटारात टाकली.

ती दूध घेऊन आली. काळी कॉइल बघितली.

"झालं का ते?"

"झालं. परत मारलं वेल्डिंग. बुडवून पण बघितली मीच. एक बुडबुडा नाही."

तिचा चेहरा असा उजळला. "माझं ऐकलंत की हो," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

साहेब आले. कॉइल हातात घेऊन विचारलं, "वहिनींनी बघितलं का?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आज यांनी स्वतः बघितलंय. बिनघोर न्या साहेब."

साहेबांनी कॉइल पेपरमधे गुंडाळली. तिनं चहाचा कप माझ्यापुढं धरला. माझ्या उजव्या हाताच्या नखांच्या कडेला लाल राहिलं होतं. मी तो हात पाठीमागं घेतला आणि कप डाव्या हातानं घेतला.